पदवी गाण्याची, विद्या गुरूची

दहावी-बारावीचे निकाल लागले, की दरवर्षी काही घरांमध्ये एक ठरलेला संवाद होतो. मुलगी म्हणते, मला गाण्यात बी.ए. करायचंय. आई गप्प राहते. वडील विचारतात, ‘‘करून पुढे काय?’’ मग कोणी नातेवाईक मध्ये पडतो आणि सांगतो, की गाणं का विद्यापीठात शिकता येतं? भीमसेन जोशींकडे कुठली पदवी होती? संवाद इथेच थांबतो. मुलगी वाणिज्य शाखेत जाते आणि गाणं शनिवार-रविवारपुरतं उरतं. किंवा ती हट्टानं संगीत विभागात प्रवेश घेते आणि पाच वर्षांनी एम.ए. होऊन बाहेर पडते, तेव्हा तिच्यापुढे तोच प्रश्न उभा असतो.

वडिलांचा प्रश्न चुकीचा नाही. तो नवीनही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या दोन माणसांनी तो अगदी मुळापासून विचारला होता. त्या दोघांनी काय केलं आणि त्यातून प्रत्यक्षात काय उगवलं, हे पाहिलं तर आजच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना थोडा उजेड मिळेल असं मला वाटतं.

आधी संस्था नव्हत्या तेव्हाचं चित्र पाहू. महाराष्ट्रात ग्वाल्हेरची गायकी आणली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. त्यांचा जन्म १८४९चा. गाणं शिकायचं म्हणून ते घर सोडून बाहेर पडले. धारला देवजीबुवा, मग ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी असा त्यांचा प्रवास झाला. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकायचं, ही त्या काळाची रीत. अभ्यासक्रम नाही, वेळापत्रक नाही, आणि किती वर्षांनी शिक्षण पुरं होईल याची हमी नाही. आज आपण या पद्धतीबद्दल फार हळवेपणानं बोलतो. पण किती मुलं अर्ध्या वाटेवरून परत गेली असतील, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. जे पोहोचले तेवढ्यांचीच चरित्रं लिहिली गेली.

आणि पोहोचल्यावर तरी काय? एखाद्या संस्थानिकाचा आश्रय मिळाला तर पोटापाण्याची सोय होई. नाटक मंडळी होत्या. पण समाजात मान मिळेलच असं नव्हतं. गवयाचं गाणं ऐकायचं, त्याला बिदागी द्यायची, पण बरोबरीनं पंगतीला बसवायचं नाही, असा तो काळ होता.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १८७० साली मुंबईत पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली उभी राहिली. गाणं ही शिकवता येण्याजोगी, वर्गात बसून शिकता येण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार तेव्हाच्या लोकांना धक्कादायक वाटला असणार. पण हा विचार देशभर नेला तो विष्णु दिगंबर पलुसकरांनी.

पलुसकरांचा जन्म कुरुंदवाडचा, १८७२ सालचा. लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाली, नजर अधू झाली आणि शाळा सुटली. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानं ते बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकू लागले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मिरजेत एका समारंभाचं निमंत्रण पलुसकरांना आलं, कारण ते राजाच्या मर्जीतले. पण त्यांच्या गुरूंना मात्र आलं नाही. एवढ्या मोठ्या विद्येच्या धन्याला गावात ही किंमत! ती सल त्यांच्या मनात राहिली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि उत्तरेकडे भ्रमंती करत ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या पैशावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर.

पलुसकरांच्या या शाळेत खरं तर दोन शाळा होत्या, आणि माझ्या आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा इथेच आहे. पहिली शाळा चारचौघांसाठी. फी भरा, ठरलेल्या वेळी या, ठरलेला अभ्यासक्रम शिका, परीक्षा द्या. नोकरदार यावेत, विद्यार्थी यावेत, मुलींची वेगळी सोय असावी. या शाळेतून मोठे गवई निघतील अशी अपेक्षा नव्हती. चांगल्या घरांत गाणं पोहोचावं, त्याच्याभोवतीचा बदलौकिक जावा आणि जाणकार श्रोता तयार व्हावा, एवढा हेतू. तानसेन नाही तर कानसेन, असं आपण जे म्हणतो, ते हेच.

दुसरी शाळा होती उपदेशक वर्गाची. इथल्या मुलांकडून फी घेत नसत. ती संस्थेतच राहत, जेवत, पलुसकरांच्या नजरेखाली पहाटेपासून मेहनत करत. त्याबदल्यात करार असे, की अमुक वर्षं शिकायचं आणि संस्थेची सेवा करायची. छापखाना होता, वाद्यांचा कारखाना होता, दौरे होते. या सगळ्या कामांत ही मुलं असत. म्हणजे बाहेरून पाहिलं तर वेळापत्रक, वर्ग, परीक्षा असलेली आधुनिक शाळा आणि आत पाहिलं तर जुनं गुरुकुल. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही जी नावं आपण घेतो ती पलुसकरांच्या सहवासात, त्यांच्या शिस्तीत वाढलेल्या शिष्यांची आहेत. आठवड्यातून दोन-तीन तास वर्गाला येऊन जाणाऱ्यांची नव्हेत.

पुढे १९०८ साली पलुसकरांनी मुंबईत संस्था काढली. स्वतःची मोठी इमारत बांधली, कर्ज झालं आणि त्या कर्जापायी ती इमारत गेली. १९३१ साली पलुसकर निवर्तले. पण शिष्य गावोगाव पांगले होते. त्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची जी शिडी आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातल्या मुलालाही ठाऊक असते, ती या मंडळाची. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. देवधरांनी १९२५ सालीच मुंबईत आपली शाळा काढली होती. ती शाळा साधी पोराटोरांची शाळा वाटावी अशी. पण तिथेच अकरा-बारा वर्षांच्या कुमार गंधर्वांना वडिलांनी देवधरांच्या हाती सोपवलं. कुमारांनी तिथे नुसती तासिका केली नाही. तिथल्या गवयांच्या येण्या-जाण्यात, गप्पांत, मैफलींत ते वाढले.

दुसरे विष्णु म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. मुंबईत वाळकेश्वरचा १८६० सालचा जन्म. शिकलेले, पदवीधर, व्यवसायानं वकील. त्यांचा प्रश्न पलुसकरांहून वेगळा होता. पलुसकरांना सलत होता तो गवयाचा मान. भातखंड्यांना सलत होतं ते असं, की एवढी मोठी विद्या, पण तिला लिखित शास्त्र नाही. एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायला जातो आणि विचारलं तर उत्तर मिळत नाही. पत्नी आणि मुलगी गेल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि देशभर फिरून पोथ्या पाहिल्या, उस्तादांना भेटले, बंदिशी जमवल्या. दहा थाटांची मांडणी, सोपी स्वरलिपी, मराठीतले ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार खंड आणि क्रमिक पुस्तकांची सहा भागांची मालिका हे त्यांचं काम. आज कुठल्याही विद्यापीठातला संगीताचा विद्यार्थी पहिल्या दिवशी जे शिकतो त्यातलं बरंचसं या एका वकिलानं घालून दिलेलं आहे.

भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. ग्वाल्हेरला १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघालं. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं. त्याच्या प्राचार्यपदी १९२८ साली श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आले आणि पुढची जवळजवळ तीन दशकं ते कॉलेज म्हणजे रातंजनकर असं समीकरण झालं.

इथेही तीच गोष्ट पुन्हा दिसते. मॅरिस कॉलेजात वर्ग होते, परीक्षा होत्या, पदव्या होत्या. शेकडो मुलं शिकून गेली. पण के. जी. गिंडे कसे घडले? बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा हा मुलगा १९३६ साली, अकराव्या वर्षी लखनौला गेला आणि रातंजनकरांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. दिवसा कॉलेज आणि बाकीचा सगळा वेळ गुरूचं घर. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी ही मंडळीही त्याच मुशीतली. यांतल्या बहुतेकांनी पुढे मुंबईत संस्था चालवल्या, शिष्य तयार केले. म्हणजे ज्या कॉलेजाला लोक पुस्तकी शिक्षणाचं उदाहरण म्हणून नाक मुरडत, त्याच्याही पोटात एक गुरुकुल होतं.

भीमसेन जोशींचा दाखला आपण सुरुवातीला पाहिला. तोही पुरता सांगायला हवा. १९३३ साली हा मुलगा गुरूच्या शोधात घरातून पळाला हे सर्वांना ठाऊक आहे. पण ग्वाल्हेरला पोहोचल्यावर तो काही काळ शिकला तो माधव संगीत महाविद्यालयात, भातखंड्यांच्या प्रेरणेनं निघालेल्या शाळेत. तिथे त्याचं समाधान झालं नाही. शोध चालू राहिला आणि अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी तो थांबला. शाळेनं त्याला भीमसेन केलं नाही, हे खरं. पण घर सोडून आलेल्या एका पोराला गाण्याच्या गावात पाय ठेवायला जागा दिली ती शाळेनं, हेही तितकंच खरं.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे येऊ. १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं महाविद्यालय सुरू झालं आणि पलुसकरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर त्याचे प्रमुख झाले. १९५६ साली खैरागढला केवळ कला-संगीतासाठी विद्यापीठ निघालं आणि त्याचं कुलगुरुपद काही वर्षं रातंजनकरांनी सांभाळलं. पलुसकरांचा एक आणि भातखंड्यांचा एक अशा दोन शिष्यांनी विद्यापीठाचं दार उघडलं म्हणायचं. बडोद्याची जुनी गायनशाळा तिथल्या विद्यापीठात सामील झाली. नागपूर, मुंबई, पुणे इथेही पुढे विभाग निघाले. गाण्यात एम.ए., पीएच.डी. होता येऊ लागलं. आणि पदवी आली तशी नोकरी आली. शाळेत संगीतशिक्षक, महाविद्यालयात अधिव्याख्याता.

याच काळात दुसरं मोठं दार होतं आमच्या नभोवाणीचं. संस्थानं विलीन झाली आणि दरबारचा आश्रय संपला. त्याची जागा घेतली आकाशवाणीनं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी फार मोठी जागा दिली. कलाकारांची ध्वनिपरीक्षा घ्यायची आणि श्रेणी द्यायची ही पद्धत त्यांच्या काळात रुजली. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते रातंजनकर. मैफली गाजवलेल्या उस्तादांनाही परीक्षेला बसावं लागलं, शास्त्राचे प्रश्न विचारले गेले. त्यावरून मोठी नाराजी उसळली, काहींनी बहिष्कार घातला.

या जागी थांबून एक हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. संस्थांनी गाण्याचं दार उघडलं हे आपण अभिमानानं सांगतो. कुणासाठी उघडलं? मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींसाठी. ज्यांच्या घरात पिढीजात गाणं नव्हतं, ज्यांना कोणी उस्ताद जवळ करणार नव्हता, त्यांच्यासाठी. ही क्रांतीच होती. पण ज्यांनी ही विद्या शतकभर जिवंत ठेवली होती, त्या कलावंतिणी आणि ते उस्ताद यांचं काय झालं? गोव्यातल्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई कुठल्याही महाविद्यालयात गेल्या नाहीत. अल्लादियाखाँसाहेबांकडून त्यांनी जे मिळवलं ते कुठल्याही अभ्यासक्रमात मावणारं नव्हतं. त्या मोठ्या झाल्या, मान मिळाला. पण त्यांच्यासारखं नाव न झालेल्या कितीतरी गायिकांना चारित्र्याच्या नावाखाली नभोवाणीची दारं बंद झाली होती. जिच्याकडे बंदिशींचा साठा होता तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, आणि प्रमाणपत्र असलेल्याकडे तो साठा नव्हता. अनेक चिजा अशाच कुणाच्या तरी गळ्यात संपल्या. संस्थांनी चांगल्या घरांचं गाणं घडवलं, पण ज्या घरांतून ते आलं त्यांना बरोबर घेतलं नाही. संगीताच्या वर्गात हा इतिहासही शिकवला पाहिजे.

विद्यापीठातून बाहेर पडून प्रत्यक्षात काय होता येतं? मी तीन उदाहरणं देतो, तीन वेगळ्या वाटांची.

पहिलं उल्हास कशाळकरांचं. नागपूर विद्यापीठातून संगीतात एम.ए., पहिल्या क्रमांकानं. पण ते तिथे थांबले नाहीत. नागपुरात राजाभाऊ कोगजे, नंतर राम मराठे आणि गजाननबुवा जोशी अशा गुरूंकडे त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन तालीम घेतली. काही वर्षं आकाशवाणीत नोकरी केली. १९९३ पासून कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत ते गुरू म्हणून गेले. पदवी, तालीम, नोकरी, मैफल आणि अध्यापन या पाचही पायऱ्या त्यांच्या आयुष्यात एकामागून एक दिसतात.

दुसरं प्रभा अत्रे यांचं. विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांची तालीम, सरगमवर डॉक्टरेट, आकाशवाणीत नोकरी आणि मग १९७९ ते १९९२ या काळात एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाचं प्रमुखपद. २०२४ साली त्या गेल्या. मैफलीची गायिका आणि विद्यापीठातली प्राध्यापिका यांत विरोध नाही, हे त्यांनी आयुष्यभर दाखवलं.

तिसरं अशोक रानडे यांचं. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. त्यांनी स्वतः गाणं रीतसर शिकलं होतं. पण त्यांचं मोठं काम गाण्याबद्दलच्या विचाराचं. लोकसंगीत, नाट्यसंगीत, चित्रपटसंगीत या सगळ्यांकडे अभ्यासाचा विषय म्हणून कसं पाहायचं, हे त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत मांडलं. हे काम गुरुकुलात झालं नसतं. त्याला ग्रंथालय लागतं, चर्चासत्र लागतं, विद्यापीठ लागतं.

या तिन्ही उदाहरणांत विद्यापीठ आहे, आणि तिन्हींत विद्यापीठाबाहेरची तालीमही आहे. हा योगायोग नव्हे. पलुसकरांच्या उपदेशक वर्गापासून रातंजनकरांच्या घरापर्यंत हीच जोडी काम करत आली आहे. पुढच्यांनी तर ती उघडपणे मान्य केली. कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाली, तीच मुळी गुरूंना आवारात घरं देऊन आणि शिष्यांना शिष्यवृत्ती देऊन. पुणे विद्यापीठानं १९८७ साली ललित कला केंद्र सुरू केलं आणि त्याच्या नावातच पुढे कंसात ‘गुरुकुल’ हा शब्द आला. पलुसकरांनी जे पोटात ठेवलं होतं ते आता पाटीवर लिहिलं गेलं.

मग त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना काय सांगायचं?

वडिलांना सांगेन, की पदवी निरुपयोगी नाही. प्राध्यापकी करायची तर एम.ए. आणि नेट किंवा पीएच.डी. लागतेच. शिकवणं, संशोधन, ध्वनिमुद्रण, कार्यक्रमांचं नियोजन अशी कामं शिकलेल्या माणसाला मिळू शकतात. पण शिक्षकाच्या जागा मोजक्या आहेत आणि भरतीला वर्षानुवर्षं लागतात. हे आधी ठाऊक असू द्या. आणि शिकवणं ही हरलेल्या गवयाची नोकरी आहे असं घरात कधी म्हणू नका. पलुसकरांनी मैफली सोडून शिक्षकच तयार केले, म्हणून तर गाणं तुमच्या घरापर्यंत आलं.

मुलीला सांगेन, की माहितीपत्रक वाचताना तीन गोष्टी विचार. इथे आठवड्याला प्रत्यक्ष गुरूसमोर बसून गायला किती तास मिळतात? ज्यांच्याकडे शिकायचं ते स्वतः गातात का, आणि वर्गाबाहेर ते तुला वेळ देतील का? आणि इथून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं आज काय करतात? या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नसतील तर पदवी घे, पण गुरू बाहेर शोध. आणि पहाटेचा रियाज कुठल्याही विद्यापीठाच्या वेळापत्रकात नसतो, तो तुझा तुलाच मांडावा लागेल.

बाळकृष्णबुवांना गुरूच्या घरापर्यंत पोहोचायला शेकडो मैलांची पायपीट करावी लागली. तुला तेवढं अंतर नाही. प्रवेश अर्ज भरला की पहिलं दार उघडतं. दुसरं दार मात्र अजूनही गुरूच्या घराचंच आहे, आणि ते ठोठवायला तुलाच जावं लागणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)